राखेने घासलेलं मीटर

मला आकड्यांची भीती वाटते. सांगायला लाज कसली. बायको गेली तेव्हा तिच्या बोटाला चिमटा लावला होता, अंगातला ऑक्सिजन दाखवणारा. आकडा उतरत होता. मी नर्सबाईंना म्हटलं, चिमटा बिघडलाय, दुसरा आणा. त्यांनी आणला. त्यातही तेच.

नंतर होडी विकली आणि डहाणूजवळ एका कोळंबीच्या तळ्यावर राखणीला लागलो. तिथेही हातात ऑक्सिजनचंच मीटर आलं. लांब वायर, टोकाला नळी, नळीच्या तोंडावर कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ पडदी, आत औषधाचं पाणी. नळी तळ्यात सोडायची, आकडा लिहायचा. तीनच्या खाली उतरला की कोळंबी गुदमरते. पहाटे तो सगळ्यात कमी असतो, हे तलासरीहून तळी तपासायला येणाऱ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

भाद्रपदात नळीवर शेवाळ धरलं. पुसून जाईना. घरी भांडं बुळबुळीत झालं की बायको राख आणि काथ्या घ्यायची. मीही तेच केलं. तोंड लख्ख झालं. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आकडा आला आठ. पहाटे एवढा आकडा येत नाही, हे मला कळायला हवं होतं. पण आठ बघून जिवाला बरं वाटलं, आणि दोन दिवस वाटत राहिलं.

तिसऱ्या सकाळी कोळंबी काठाला आली, मिशा पाण्यावर काढून. जन्म पाण्यात गेला माझा, हे ओळखायला मीटर लागत नाही. पाणी घुसळणारे सगळे पंखे सुरू केले आणि मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, नळीच्या टोपीतला स्पंज ओला करा, नळी त्यात ठेवा, हवेत शंभर टक्के दाखवायला पाहिजे. एकशे चाळीस दाखवलं, तेही नाचत.

“काका, कशाने पुसलंत?”

“राखेनं.”

“पडदी फाटली. नवी चढवा, मग खरा आकडा येईल.”

खरा आकडाच तर मला नको होता. मीटरच्या डब्यातली नवी पडदी घेऊन बांधावर बसून राहिलो. आठ खोटा होता, पण तो होता तोवर कुणी मरत नव्हतं. मग काठाला एक कोळंबी उलटी तरंगताना दिसली.

पहिल्या खेपेला पडदीखाली बुडबुडा राहिला. काढली, औषध परत भरलं, परत चढवली. ओल्या टोपीत पाव तास ठेवली. शंभरावर येऊन थांबलं. तळ्यात सोडली.

दोन.

पंखे चालू असताना दोन. तिथेच बसलो, पण नजर काढली नाही. दवाखान्यात शेवटी मी भिंतीकडे बघत होतो.

ऊन चढलं तसा आकडा हलला. अडीच. तीन. चाराला पोचला तोवर कोळंबी काठ सोडून खाली गेली होती. मेलेली टोपलीभर निघाली. तळ्याचा शेठ बोलायचं ते बोलला.

आता नळी मी बायकोच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यानं पुसतो. दर सोमवारी ओल्या टोपीत ठेवून शंभर येईपर्यंत शेजारी बसतो. तेवढा पाव तास आकड्यावरची नजर काढत नाही.