गुड्डीच्या नावाची बुटकी मोरपंखी

आमच्या कुंडीतली मोरपंखी वाढत नाही, पण तिच्या गोष्टी मात्र दरवर्षी वीतभर वाढतात! गल्लीत चार बायका भाजी निवडायला बसल्या की कुणीतरी म्हणतंच, "ती नर्सरीची गोष्ट सांग ना." मग मेथी बाजूला राहते आणि मी सुरू होते. एक सांगावी तर दुसरी आठवते, दुसरी सांगेपर्यंत कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात.

माझं माहेर सोनगीरचं. आमच्याकडे मूल झालं की त्याच्या नावाचं झाड लावतात. माझ्या नावाचा लिंब अजून विहिरीपाशी उभा आहे, चांगला दोन मजली झालाय. गुड्डी झाली तेव्हा आम्ही जळगावला भाड्याच्या दोन खोल्यांत. पुढे सिमेंटचा ओटा, माती औषधाला नाही. हे म्हणाले, "कुंडीत लाव." म्हणून बाळंतपणाहून परत येताना धुळ्याच्या बाहेर हायवेवरच्या नर्सरीत एस.टी. बदलायच्या आधी थांबलो, आणि एक गोल, हिरवीगार, लाडवासारखी मोरपंखी घेतली.

बसमध्ये एका मांडीवर गुड्डी, दुसऱ्या मांडीवर कुंडी. कंडक्टर वाकून बघत म्हणाला, "ताई, जुळं का?"

*

वर्ष गेलं, दुसरं गेलं. झाड होतं तेवढंच! मी रोज सकाळी आधी झाडाला बघायची, मग गुड्डीला. कारण गुड्डीही तेवढीच. शेजारच्या पोरींचे फ्रॉक आखूड व्हायचे, हिचे झिजून फाटायचे पण आखूड व्हायचे नाहीत! माझ्या जिवाला घोर लागला. नावाचं झाड खुंटलं, म्हणजे पोरही खुंटली की काय?

शेवटी माहेरी जाताना हे आणि मी कुंडी घेऊनच नर्सरीत गेलो. मालकांना सगळे नाना म्हणतात. मी म्हटलं, "नाना, खराब झाड दिलंत! तसूभर वाढलं नाही."

नानांनी झाडाकडे पाहिलं, कडेवरच्या गुड्डीकडे पाहिलं, आणि आपल्या अहिराणीत म्हणाले, "ताई, हाई बुटकीच शे. डॉर्फ म्हनतस हिले. वय देखा, उंची नका देखू. आनि पानी कमी टाका!"

मला तर रडूच फुटलं. पोरीच्या नावानं जगातलं एकुलतं एक न वाढणारं झाड मीच कसं निवडलं! म्हटलं, "मग बदलून द्या. उंच होणारं द्या."

नाना म्हणाले, "झाड बदली दिसू. नाव कसं बदलसू?"

ह्यांना ते इतकं आवडलं की त्या दिवसापासून घरात कोणीही आलं, "झाड वाढत नाही वाटतं?" असं म्हणालं की हे नानांच्या आवाजात सुरू, "बुटकीच शे! वय देखा, उंची नका देखू. पानी कमी टाका!" पाहुणे हसायचे. गुड्डी कोपऱ्यात बाहुलीला आंघोळ घालत सगळं ऐकायची.

*

आमच्या घरमालकीण अक्का, फैजपूरच्या. जगात केळीनं बरा होत नाही असा आजार नाही, हे त्यांचं ठाम मत. त्यांनी एक दिवस मला न सांगता कुंडीत केळीच्या साली पुरल्या. वर म्हणाल्या, "आमच्याकडं केळी बघ, डोळ्यासमोर वाढते. साल खाल्ली की झाड वर येतंच."

झाड वर आलं नाही, मुंग्या वर आल्या. कुंडीतून ओट्यावर, ओट्यावरून उंबऱ्यात, उंबऱ्यातून साखरेच्या डब्यात!

तोवर अक्कांनी गुड्डीलाही रोज केळं चालू केलं होतं. मी म्हटलं, "अक्का, झाडाला केळं, पोरीला केळं, दोघींचंही काही वाढलं नाही."

अक्का म्हणाल्या, "कसं वाढलं नाही? माझं केळ्याचं बिल बघ!"

*

उन्हाळ्यात तर विचारूच नका. जळगावचं ऊन, दुपारी पत्रा तापला की मांजरही ओट्यावर पाय ठेवत नाही. आणि मोरपंखीला थंड हवा लागते, असं ह्यांच्या ऑफिसात कुणीतरी सांगितलं. झालं! कुंडी आत आली. कुलरसमोर तिची जागा ठरली. ओलं गोणपाट तिला गुंडाळलं. आम्ही तिघं भिंतीला टेकून, घामाच्या धारा पुसत, झाडाला वारा कसा लागतोय ते बघत बसायचो.

समोरच्या शेठाणी भाभी पापड द्यायला आल्या. कापडाच्या दुकानवाल्या, मूळच्या मारवाडच्या. दारातच थबकल्या. "अरे देवा! आमच्यात जावई आले तर असं करतात. हे जावई कधी जाणार?"

*

आमच्याकडे पोरं मोरपंखीला 'विद्या' म्हणतात. तिची डहाळी पुस्तकात ठेवली की अभ्यास डोक्यात शिरतो, अशी त्यांची खात्री. मीही लहानपणी ठेवायचे. सातवीनंतर माझी शाळा सुटली, पण ती डहाळी पुष्कळ दिवस पुस्तकात तशीच होती. म्हणून पोरांना मी कधी नाही म्हणत नाही.

पण परीक्षेच्या दिवसांत सगळी गल्ली! मराठीला एक डहाळी, इंग्रजीला एक, गणिताला दोन. परीक्षा संपली तेव्हा आमची मोरपंखी एका बाजूनं तुळतुळीत! न्हाव्याचा हात मध्येच कुणी धरावा तशी.

निकाल लागला आणि भाभी तणतणत आल्या. त्यांचा मुलगा गणितात गेला होता. "काय हो, तुमच्या झाडाचा काही उपयोग नाही. चार डहाळ्या नेल्या होत्या त्यानं!"

मी काही बोलायच्या आत अक्का म्हणाल्या, "भाभी, झाड केवढं? त्यात चौथीपर्यंतचीच विद्या बसते. तुमचा सहावीत आहे!"

*

एका श्रावणात मात्र माझी हसण्याची सोय राहिली नाही. गुड्डीला गोवर आला आणि त्याच आठवड्यात मोरपंखी पिवळी पडायला लागली. डॉक्टर म्हणत होते, घाबरू नका. पण मी खाटेपाशी बसून पोरीचं कपाळ बघायची आणि खिडकीतून कुंडी. एक तांब्या पोरीला, एक तांब्या झाडाला.

तिसऱ्या दिवशी हे कुंडी हलवायला गेले तर ती उचलेना. चिखल! तेव्हा उलगडा झाला. मी पाणी घालत होते, मला त्रास नको म्हणून हे घालत होते, आमचं लक्ष नाही म्हणून अक्का घालत होत्या, आणि अक्कांचं वय झालं म्हणून भाभी घालत होत्या!

ह्यांनी कुंडी आडवी करून पाणी काढलं, माती बदलली. खाटेवरून बारीक आवाज आला, "पानी कमी टाका!"

गुड्डीचा ताप उतरला होता. मी पदर तोंडाला लावून हसले की रडले, मला अजून सांगता येत नाही.

*

लेडीज क्लबच्या फुलझाडांच्या प्रदर्शनात अक्कांनी मोरपंखीचं नाव परस्पर देऊन टाकलं. परीक्षक बाई पुण्याच्या. चष्मा खालीवर करून म्हणाल्या, "वा! छान बोन्साय आहे. मुळं छाटता का? तारा बांधता का?"

अक्कांना तो अपमानच वाटला. "छाटायला काय झालं? खाऊनपिऊन अशी आहे ती! आमची केळी खाते!"

बक्षीस दुसरं मिळालं. स्टीलचा डबा. झाकण बसत नाही, पण काचेच्या कपाटात आहे.

*

आणि आता ती गोष्ट, जी भाजी निवडताना सगळ्यात शेवटी सांगायची असते.

गुड्डीला पहिलीत घालायचं होतं. वय पूर्ण, दाखला पिशवीत. पण त्या शाळेत हेडमास्तर मुलाला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावतात. कान हाताला लागला तर प्रवेश, नाही तर "पुढच्या वर्षी या." महिनाभर आमच्या घरी तेच चाललं होतं. गुड्डी हात टाकायची, बोटं कानाच्या अलीकडेच थांबायची. अक्का हाताला तेल लावून ओढायच्या. भाभी म्हणायच्या, "हात ओढू नका, कान वर ओढा!" मला जेवण गोड लागेना. एक वर्ष मागे पडलं की दुसरं पडतं, मग कुणीतरी म्हणतं, आता मुलीला शिकवून काय करायचं. माझ्या बाबतीत असंच झालं होतं.

त्या दिवशी गुड्डीनं स्वतःच मोरपंखीची एक छोटी डहाळी तोडून मुठीत धरली. हेडमास्तरांच्या खोलीत गेलो. मोठ्ठं टेबल, त्यावर रजिस्टरांची चळत, चळतीच्या वर पांढरी टोपी आणि चष्मा. मोजूनमापून बोलणं, अगदी पुस्तकातलं.

"बाळ, उजवा हात डोक्यावरून घे पाहू. हं. कान धर."

गुड्डीनं हात टाकला. मान वाकडी केली, डोळे मिटले, जीभ बाहेर काढली. बोटं कानाच्या वर थांबली ती थांबलीच.

हेडमास्तर म्हणाले, "बाई, मुलगी फार लहान आहे. पुढच्या वर्षी आणा. थोडी वाढू द्या."

मी पिशवीतला दाखला पुढे केला. "अहो सर, वय झालंय, दाखला आहे..." एवढंच तोंडातून फुटलं. हे दाराबाहेर चपलांकडे बघत उभे.

गुड्डीनं डोक्यावरचा हात खाली घेतला. मूठ उघडून डहाळी टेबलावर ठेवली, आणि थेट नानांच्या आवाजात म्हणाली,

"मी बुटकीच शे. वय देखा, उंची नका देखू. आनि पानी कमी टाका!"

शिपायानं तोंडावर फडकं धरलं. मला वाटलं, संपलं!

हेडमास्तर खुर्चीतून उठले. ते उठलेत, हे मला आधी कळलंच नाही. टोपी होती तिथेच होती, नुसती रजिस्टरांच्या वरून सरकत सरकत टेबलाच्या कडेला आली, आणि मग ते सबंध बाहेर आले.

गुड्डीनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यांनी गुड्डीला पाहिलं. मग ती डहाळी उचलून त्यांनी आपल्या रजिस्टरात ठेवली आणि आतल्या कारकुनाला नानांच्याच बोलीत हाक मारली,

"भाऊ, हिनं नाव लिखी ल्या!"