दुसऱ्याची बाजू मांडनारे फक्रुद्दीनभाऊ

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हनत्यात. आज घेते. पुंजाराम! पंचक्रोशीत कीर्तनं करनारा पुंजारामबुवा माझा नवरा हाय, आन त्याच्या तोंडाला कुलूप लागलं म्हनून फक्रुद्दीनभाऊंना भर गावात हात जोडावं लागलं. गावाला लाज न्हाई ते न्हाईच, पर ह्या मानसाला तरी असावी!

भाऊ बांगड्या भरनाऱ्या मन्याराच्या घरचे. माझ्या लग्नाचा चुडा त्यांच्या बापानंच भरला. पोरगं मात्र मदरशात शिकायला लांब गेलं, आन धर्माचं सगळं शास्तर शिकून मौलाना हून आलं. मोठ्या शहरातनं बोलावनी आली, गेले न्हाईत. गावातली मशीद धरली, आन पहिल्याच आठवड्यात आमच्या वसरीत येऊन बसले. "बुवा, तुमचा देव मला समजावून सांगा. चुकलो तर कान धरा."

तिथनं सुरू झालं. दर बाजाराच्या दिवशी काष्टीला, शेरडांच्या बाजारामागं लिंबाखाली दोघं बसायचे आन देवाधर्मावरनं कडाकडा भांडायचे. रीत भाऊंनी घालून दिली हुती. समोरच्यानं प्रश्न टाकला की आधी तो आपल्या तोंडानं म्हनायचा, अगदी त्याच्यावानी, तळमळीनं. समोरच्यानं मान डोलावली की मगच उत्तर. मी शेजारीच भाजी इकायला बसायचे. बुवांपरीस भाऊच आमचा देव चांगला सांगायचे, हे मी बुवांना कितींदा तोंडावर सुनावलंय. पुन्याच्या कॉलेजात भाऊंना भाषनाला न्यायचे, तिथंबी हीच रीत. त्यांची बायको हमिदाभाबी म्हनायची, "घरातबी माझीच बाजू मांडत्यात ओ, भांडायची सोयच न्हाई!"

औंदा एका बाजारी बुवांनी इचारलं, "मौलाना, दगडात देव कसा मावंल?" ऐकनाऱ्यांच्या मनातल्या शंका फिटाव्या म्हनून बुवा मुद्दाम असं इचारायचे. भाऊंनी रीतीपरमानं हात उडवून तेच म्हनलं, आन मग त्याचं असं उत्तर दिलं की माळकरी म्हातारे डोळे पुसायला लागले. कोन्या रिकामटेकड्यानं मोबाईलवर भाऊंच्या तोंडचा नुसता तेवढा प्रश्नच कापून पसरवला. खाली लिहिलं, मौलाना आपल्या देवाला दगड म्हनतोय. झालं, पेटलं गाव! त्या मुडद्याचे हात झडो.

देवळासमोर बैठक बसली. माफी मागा, न्हाईतर मशीद सोडा, गाव सोडा. भाऊ नुसते बुवांकडं बघत राहिले. बुवांनी एवढंच म्हनायचं हुतं, की प्रश्न माझा हुता. बुवा आपले चपलेकडं बघत बसले. कीर्तनाच्या तारखा जातील ना! शेवटी मीच उठले. "आरं, ते बोलनं ह्यांचं हाय! मी तिथं बसले हुते!" तर माझा नवरा काय म्हनतो? "बायामानसाला काय कळतंय, बस खाली."

भाऊंनी ते ऐकलं आन हात जोडले. "माझं चुकलं. माफ करा." खरं बोलले असते तर सगळे बुवांवर धावून गेले असते, हे त्यांना ठावं हुतं.

मी घरी गेलेच न्हाई. तरातरा भाऊंच्या दारात गेले. "भाऊ, त्या भेकडाला वाचवलंत कशापायी?"

भाऊ उंबऱ्यावर बसले. "वहिनी, त्याच्या जागी बसून बघा. सारी हयात कीर्तनात गेली. या वयात लोकांनी पाठ फिरवली तर तो जगंल कसा? भ्यायला असंल बिचारा."

बिचारा! माझं डोस्कंच फिरलं. "आग लावा त्या बाजूला! जल्मभर ह्याची बाजू मांडली, त्याची बाजू मांडली. तुमची कोन मांडनार? तुमाला काय वाटतंय ते बोला की एकदा!"

हमिदाभाबी चुलीपासनं उठून दारात आली. भाऊंनी मुठी आवळल्या.

"मला लई राग आलाय, वहिनी," ते म्हनले. "लई. पुंजाराम माझ्या दारात आला तर मी त्याला आत घेनार न्हाई."

मी घरी गेले आन बुवांना हे शब्दाला शब्द सांगितलं.