झाकणाचा चौथा स्क्रू
गॅरेजमध्ये बाईमाणूस पाहून नवं गिऱ्हाईक आधी आत डोकावायचं, मालक कुठे आहे म्हणून. आत स्टुलावर सासरे बसलेले असत. ते नुसती हनुवटी उडवून सुनेकडे खूण करत. त्यांच्या मुलाला ग्रीसचा वास सोसला नाही, तो कापडाच्या दुकानात रमला. कसब उतरलं ते सुनेच्या हातात.

त्या दिवशी सासऱ्यांनी स्वतःचीच जुनी मोटारसायकल खोलायला घेतली. क्लचच्या झाकणाचे तीन स्क्रू निघाले. चौथ्यावर स्क्रूड्रायव्हर गरकन फिरला, स्क्रू जागचा हलला नाही. डोक्यावरची फुली झिजून वाटी झाली.

"ड्रिल आण."

"घसरलं तर झाकण जाईल, बाबा. हे आता मिळतं कुठे?"

"जाऊ दे गेलं तर. साधा स्क्रू निघेना माझ्याने. उद्यापासून घरी बसतो. पेपर वाचायला मनगट लागत नाही."

ते रागाने बोलले असते तर तिने हसण्यावारी नेलं असतं. पण ते शांतपणे बोलले. घरी बसलेला माणूस दिवसभर खिडकीशी बसून कसा खिडकीचाच होऊन जातो, हे तिने स्वतःच्या वडिलांच्या बाबतीत पाहिलं होतं.

ती वाकली. काढलेल्या तिन्ही स्क्रूंवर हातोडीचे वळ होते. चौथा कोरा. 'आधी ठोका, मग फिरवा. ठोकल्याने धरलेले आटे सुटतात,' हे तिला शिकवलं होतं त्यांनीच.

"याला ठोकलं नाहीत."

"ठोकलं की."

"कुठे?"

सासऱ्यांनी हातोडी तिच्याकडे सरकवली. "हातोडी सुटते गं हातातून," ते म्हणाले.

तिने झाकण गरम केलं. झिजलेल्या डोक्याचा धातू हलक्या ठोक्यांनी परत आत बसवला आणि त्यात नवा ड्रायव्हर ठोकून रुतवला.

"आता वरून दाबायला वजन हवं. माझं पुरायचं नाही."

"खायचं तू आणि वजन मागायचं माझ्याकडे?"

"मग? घरचे कर्ते तुम्ही ना!"

ते उठले. दोन्ही तळवे ड्रायव्हरच्या मुठीवर ठेवून, छाती टेकवून ओणवे झाले. त्यांच्या भाराखाली ड्रायव्हर गच्च उभा राहिला. तिने त्याच्या मानेला पान्हा लावला.

"दाबा, बाबा."

"दाबतोय की! तू फिरव."

कट्.

दोघंही थबकली. स्क्रूचं डोकं तुटलं तरी असाच आवाज येतो. तिने जीव मुठीत धरून पान्हा आणखी जरासा ओढला. डोकं केसभर वर आलं होतं.

सासऱ्यांनी निघालेला स्क्रू तळहातावर घोळवला, मग खिशात टाकला.

"झाकण उद्या बसवू," ती म्हणाली.

"दाबायला कोण आहे तुला?"

"बसवताना एवढं दाबावं लागत नाही, बाबा."

"लागत नाही म्हणे! येऊन बघतोच, कशी बसवतेस ते."