पाण्यावर पास झालेला पंप

हिवाळा सुरू होण्याच्या सुमारास आमच्या लष्करी इंजिनिअर दलाच्या फील्ड कंपनीची एक तुकडी सरहद्दीवरील डोंगरी पोस्टवर तैनात झाली. मी हवालदार होतो आणि स्टोअरची जबाबदारी माझ्याकडे होती. निवृत्तीनंतर आता मी परतूरच्या तहसील कचेरीसमोर लोकांचे अर्ज लिहितो. माझे शिक्षण आठवीपर्यंतचे असले, तरी पुढील निवेदन मी पूर्ण जबाबदारीने करीत आहे.

पोस्टवरील बराकीच्या डोक्यावर, डोंगराची माती अडवणारी काँक्रीटची भिंत होती. तिला पंधरा फूट लांबीची भेग पडली होती. दिवसा तीतून पाणी झिरपे. रात्री त्याचा बर्फ होऊन भेग रुंदावे. भेगेत पंपाने रेझिन, म्हणजे भेग सांधणारे चिकट रसायन, भरावे, असा हुकूम झाला.

डेपोत दोन पंप होते. एक हाताच्या दांड्याचा, रंग उडालेला. दुसरा मोटरवर चालणारा, नवा, प्रेशरचा काटा असलेला. गाडीत जागा एकाचीच होती.

लान्स नाईक रामकिसन आमच्याच जिल्ह्यातला, वाटूरचा. चारचौघांत मला साहेब म्हणे, एरवी काका.

"काका, ह्यो तं नवरदेवावानी दिसून राह्यला. वरातीतच रुसला, तं मंग?"

"काटा बघ. किती प्रेशर आहे ते कळतं."

"आन् हातपंपाचं हाताला कळतं. बराबर कळतं."

"तू लान्स नाईक आहेस की डेपोचा मालक?"

तो हसला. "बिलकुल न्हाई, साहेब."

मी नवा पंप घेतला. रेझिन मोजून मिळे. चाचणीत वाया घालवण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती. म्हणून पंपाची चाचणी नेहमीप्रमाणे पाण्यावर झाली. काटा स्थिर राहिला. मी 'योग्य' असा शेरा लिहून सही केली. पाणी पातळ असते आणि रेझिन थंडीत काकवीसारखे घट्ट होते, हे मला ठाऊक होते. तरीही मी सही केली.

दुसऱ्या दिवशी १०.३० वाजता काम सुरू झाले. रेझिन कोमट करून, थोडे थोडे घेऊन त्यात ते घट्ट करणारा हार्डनर मिसळत गेलो. मिसळल्यावर अर्ध्या तासात ते दगडासारखे बनते. भेगेवर बसवलेल्या तोट्यांतून खालून वर भरत जायचे होते. निम्मी भेग भरली. ११.१० वाजता घट्ट होत आलेल्या रेझिनच्या दाबाने पंपाचे रबरी सील फाटले. रेझिन बाहेर उडाले, काटा शून्यावर आला. सील बदलेपर्यंत नळीतले रेझिन घट्ट झाले.

आता भेगेतून पाणी निघून जाण्याची खालची वाट बंद झाली होती. ऊन चढले, वरचा बर्फ वितळू लागला आणि पाणी भिंतीमागे साचू लागले. भेग पूर्ण भरली असती, तर भिंतीने तो दाब पेलला असता; काम अर्धवट सोडणे हे ते मुळीच न करण्यापेक्षा वाईट ठरले.

मी रेडिओवर गेलो.

"पंप निकामी. डेपोतला हातपंप ताबडतोब पाठवा. ओव्हर."

"रस्ता बंद आहे. उद्या सकाळी. ओव्हर."

"उद्या उपयोग नाही. ओव्हर."

"समजलं. उद्या सकाळी. आउट."

१३.२० वाजता भिंत बोटभर पुढे आली. भिंत संध्याकाळपर्यंत तरी टिकेल असे आम्ही धरले होते; बराकीत रात्रपाळी करून आलेले चौदा जवान झोपले होते. पोस्टचे सुभेदारसाहेब त्यांना उठवायला धावले. रामकिसन पहार घेऊन खालच्या तोट्या फोडू लागला. एक फुटली, पाण्याची धार सुटली आणि भिंत थोडी थांबली.

"रामकिसन, मागे ये! हुकूम आहे!"

"आलोच, काका. समदे निघू द्या."

मी वीस पावलांवर उभा होतो. हातात फाटलेले सील होते. चौदावा जवान बाहेर आला आणि १३.३४ वाजता भिंत गेली.

चौकशीत मी खरे तेच सांगितले : पंप चाचणीत योग्य आढळला होता. कोणीही मला दोष दिला नाही.

गेल्या वर्षी रामकिसनचे वडील माझ्या टेबलापाशी आले. गावच्या शाळेला मुलाचे नाव द्यावे, असा अर्ज त्यांना हवा होता. मृत्यूचे कारण लिहिणे भाग होते.

"बाबा, काय लिहू?"

"तुमी सोबत व्हते. तुमाला ठावं. आपल्याला लिव्हता येत न्हाई."

मी लिहिले, 'कर्तव्य बजावताना भिंत कोसळून'. त्यात एकही शब्द खोटा नाही. मी तो मजकूर वाचून दाखवला. त्यांनी अंगठा उठवला आणि मलाच हात जोडले.

लान्स नाईक रामकिसन, वय सव्वीस, राहणार वाटूर. चौदा माणसे वाचवली. पंप त्याने निवडला नव्हता.