एकतीस मार्चच्या आतला बस्ता

विमानतळावर दोन रांगा असतात. एक आमच्यासारख्यांची आणि दुसरी गोल्डवाल्यांची, म्हणजे विमान कंपनीच्या खास प्रवाशांची. टॉवेलच्या कारखान्याचा माल विकायला मी महिन्यातून दोनदा विमानानं हिंडायचो आणि शेजारच्या मोकळ्या रांगेतून आत जाणाऱ्यांकडे बघून जळायचो. मग कळलं, त्या विमान कंपनीचं क्रेडिट कार्ड घेऊन मार्चअखेरपर्यंत ठरावीक खर्च केला की आपल्यालाही गोल्ड मिळतं. झालं, डोक्यात किडा शिरला. किराणा, पोराची फी, शेजाऱ्याचा फ्रिजसुद्धा मी माझ्याच कार्डावर घेतला. तरी मार्च उजाडला तेव्हा बरीच रक्कम कमी पडत होती.

त्याच वर्षी भाचीचं लग्न मे महिन्यात ठरलं होतं. म्हणजे बस्ता आलाच: शालूपासून मानपानाच्या टोप्यांपर्यंत सगळं कापड एका दिवशी, एका दुकानात. आमच्यात आईशिवाय बस्ता होत नसे. ती मूळची मंद्रूपची, कर्नाटकाच्या सीमेजवळची. दुकानातल्या गादीवर मांडी घालून बसायची, साडी उलटी करून दोरे बघायची आणि दुकानदाराशी कानडीत असं भांडायची, की तो हसत हसत भाव उतरवायचा. मोतीबिंदूचं ऑपरेशन ती दोन वर्षं टाळत होती. लग्न ठरल्यावर आपणहून म्हणाली, "करून टाका रे डोळ्याचं. नातीचा शालू मला नीट बघून घ्यायचाय."

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, दहा-बारा दिवस धुळीत जायचं नाही, गर्दीत जायचं नाही. बहीण म्हणाली, "दादा, एप्रिलात बसू की बस्त्याला. आई त्याच्यासाठीच तर तयार झाली."

एप्रिलमध्ये माझा कार्डावरचा हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होणार होता. मी बहिणीला म्हणालो, "एक तारखेपासून कापडाचे भाव वाढतायत. दुकानदारानंच सांगितलं." दुकानदार असलं काही बोलला नव्हता. पण पैसे आधी मी भरणार होतो, त्यामुळे ती तयार झाली. मामाच्या शब्दाला मान असतो म्हणतात. तो मी असा वापरला.

एकतीसच्या आदल्या दिवशी बस्ता उरकला. आईला व्हिडिओ कॉल लावला. डोळ्यावर हिरवी पट्टी, फोन माझ्या बायकोनं धरलेला.

"रंग कसला हाय?"

"आंब्याचा," बहीण म्हणाली.

"उलटून बघितलं का कुणी?"

कुणीच बघितलं नव्हतं. मी तर काउंटरवर कार्ड घेऊन उभा होतो.

लग्नाच्या थोडं आधी गोल्ड कार्ड कुरियरनं आलं, चांगल्या जाड खोक्यात. मेहुणे घरी आले होते. गपगुमान कपाटात ठेवावं की नाही? पण माझ्या तोंडाला कुठलं कुलूप! "बस्ता एकतीसच्या आत बसवला म्हणून जमलं बरं का," मी ऐटीत सांगितलं. आई तिथंच शेंगा फोडत बसली होती. तिचे हात थांबले.

"भाव वाढणार हुते न्हवं?" तिनं विचारलं.

मी चहा सांगायला आत गेलो. त्या चहाची मला आजही शिसारी येते.

पावसाळ्यानंतर डॉक्टर म्हणाले, दुसरा डोळाही आता करून टाका. मी लगेच योजना मांडली. आई, हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात जाऊ, विमानानं. रांगेत उभं राहायला नको, आत गुबगुबीत खुर्च्या, खायला-प्यायला फुकट. गोल्ड आहे आपल्याकडे.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "एक डोळा केला, तो कशासाठी केला हुता?"

पुन्हा विचारायची मला हिंमत झाली नाही. आज त्या दुसऱ्या डोळ्यानं तिला नुसता उजेड कळतो. जेवताना माझं ताट त्याच बाजूला असतं. मला बघायचं तर तिला मान वळवावी लागते, आणि ती वळवत नाही.