पाठ केलेले पाच शब्द

बसगाड्या रंगवायच्या कारखान्यात त्याला सगळे सरडा म्हणत, कारण रोज त्याच्या हातांचा रंग वेगळा. पण रंग जुळवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. ठोकर लागलेल्या बसचा टीचभर पत्रा आणून द्या, हा या डब्यातून त्या डब्यात ओतून असा रंग बनवी, की जुना कुठे संपला नि नवा कुठे सुरू झाला ते मालकालाही कळू नये. सव्वीस वर्षं हे बंद खोलीत चाललं. पंखा एकच, तोही मनात आलं तर फिरणारा. हात थिनरने धुवायचे आणि त्याच वासात डबा खायचा.

पन्नाशीत त्याचं डोकं दगा देऊ लागलं. दुकानात जाऊन रिकाम्या हाताने परत यायचा. एकदा सदऱ्यावर सदरा घालून निघाला. बोलताना शब्द अडला की चिडायचा.

"वय झालं माझं," तो म्हणे.

"तुमच्या आईंना ऐंशी झाली. माझ्या लग्नात काय काय चुकलं ते अजून घडाघडा सांगतात," बायको म्हणे.

तिनेच त्याला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी कामाचं खोदून खोदून विचारलं, डोक्याचा फोटो काढला आणि म्हणाल्या, "थिनरच्या वाफांचं काम दिसतंय. गेलं ते फारसं परत येत नाही. पण त्या खोलीतून सुटले तर पुढचं वाचेल. आठवड्याने स्मरणशक्ती तपासते, कमी भरली तर कारखान्याला पत्र देते."

पत्राशिवाय मॅनेजर त्याला हलवणार नव्हता. बायकोला ते पत्र हवं होतं. त्याला नको होतं. रंगाच्या खोलीबाहेर त्याला कोण विचारणार?

त्या आठवड्यात तो न्हाणीघरात सारखा पुटपुटायचा.

"काय चाललंय?"

"गाणं."

"चाल कुठाय त्याला?"

त्याने आतून नळ मोठा सोडला.

ठरल्या दिवशी बाईंनी पाच शब्द सांगितले, मध्ये दहा मिनिटं भलतंच विचारलं आणि मग म्हणाल्या, "आता ते शब्द सांगा."

"लिंबू, खुर्ची, पूल, शाल, घोडा," तो एका दमात म्हणाला.

"छान!" बाईंनी पेन उचललं.

बायकोला न्हाणीघरातलं गाणं आठवलं. कारखान्यातला रंगाचा फवारा मारणारा गेल्याच महिन्यात इथे येऊन गेला होता; त्यालाही बाईंनी हेच पाच शब्द घातले असणार. गप्प बसली असती तर नवरा ताठ मानेने घरी गेला असता, आणि सोमवारी पुन्हा त्या खोलीत.

"बाई, हे घरून पाठ करून आलेत."

"काहीतरीच बोलते ही!"

"मग शाळेच्या बसचा पिवळा कसा करतात ते विचारा."

तो हसलाच. "हे काय विचारणं झालं? पिवळा चार भाग. मग लाल, थेंबभर. मग पांढरा. मग पिवळा चार..." अंगठा बोटांच्या पेरांवर फिरत राहिला. तो थांबला आणि त्याने बायकोकडे पाहिलं. "पिवळा घातला ना मी?"

"घातलात," ती म्हणाली.

बाईंनी पत्र लिहिलं.

"परक्यांपुढे लाज काढलीस माझी," जिन्यात तो म्हणाला.

"काढली."

त्याला नटबोल्टच्या कोठारात बसवलं. तीन आठवडे तो बायकोशी बोलला नाही. मीठ कमी पडलं तरी निरोप आईमार्फत, आणि आई त्यात पदरची दोन वाक्यं घालून पोचवत.

नव्या रंगवाल्याला मात्र शाळेची बस जमेना. मॅनेजर स्वतः कोठारात आला. "सरड्या, दोन मिनिटं आत चल. नुसती नजर टाक."

तो उठला, खोलीच्या दारापर्यंत गेला. वास ओळखीचा होता, बराही वाटला. त्याने दाराबाहेरच पाय रोवले.

"पत्रा इकडे आणा."

उन्हात धरून त्याने पाहिलं. "लाल कमी आहे."

"किती घालू?" नव्याने विचारलं.

"ते तू मोज," तो म्हणाला आणि कोठाराकडे निघाला.