भरलेल्या रेघा

अण्णा, माझे वडील, काजूच्या बागेत झाडाखाली बसले होते. पाय सुजलेला, हातात फोन. "तासभर झाला, ये म्हणून लिहिलं होतं. वाचलं नाहीस?" मला काहीच आलं नव्हतं. अण्णांच्या फोनवर वायफायच्या रेघा मात्र सगळ्या भरलेल्या. त्यांच्याच भरवशावर ते बसून राहिले होते.

चूक माझी. बागेपर्यंत रेंज जावी म्हणून गच्चीवरच्या वायफायच्या डब्याचा जोर मीच पुरता वाढवला होता. बसवणाऱ्याने बजावलं होतं, "डबा ओरडेल हो, पण फोनचा घसा केवढासा! त्याचं उत्तर इथवर यायला नको?" मी हसण्यावारी नेलं.

आता जोर फोनच्या बेताचा ठेवलाय. विहिरीपलीकडे गेलं की रेघा दिसेनाशा होतात, मग अण्णा घराच्या बाजूला वर येऊन निरोप पाठवतात.

घरातही माझाच आवाज चढा. "बागेत एकटे जाऊ नका!" एवढं बजावून मी खोलीबाहेर पडायचो. मागे ते काहीतरी पुटपुटायचे.

काल बजावलं आणि तिथेच उभा राहिलो. बऱ्याच वेळाने अण्णा हळूच म्हणाले, "एकट्याने जायची मलाही भीती वाटते रे. पण सोबत कोण येणार?"